सोनीच्या बाटलीची चिठ्ठी

सुकदेवच्या हातून उतरलेलं एकही बॉबिन आजवर चिठ्ठीशिवाय पुढे गेलं नव्हतं. सिल्वासाजवळच्या नरोलीच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे पॉलिएस्टरचं सरळ सूत तापवून, पिळून कुरळं करत. भरलेलं बॉबिन, म्हणजे सुताचं रीळ, यंत्रावरून उतरवलं की त्याला चिठ्ठी बांधायची: यंत्राचा नंबर, पाळी, वेळ, उतरवणाऱ्याचं नाव. बाकीचे कामगार दहा-बारा बॉबिनं उतरवून मग एकदम चिठ्ठ्या बांधत आणि वेळ अंदाजाने ठोकून देत. सुकदेव एकेक उतरवी आणि एकेक बांधी. नवी पोरं हसली की म्हणे, "माणूस इसरतो भाऊ, चिठ्ठी इसरत नाही." हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की सुपरवायझर भास्कर त्याला पाठीमागे चिठ्ठीमहाराज म्हणत.

पण घर म्हणजे कारखाना नव्हे आणि पोरगी म्हणजे बॉबिन नव्हे, असं या चिठ्ठीमहाराजांचं ठाम मत होतं. घरी सगळा अंदाजाचा कारभार. ते मत एका शुक्रवारी संध्याकाळी असं काही धुऊन निघालं की पुन्हा त्याने कधी उच्चारलं नाही.

साल ब्याण्णव. संक्रांत होऊन गेली होती, तिळाच्या वड्या डब्यात तळाला लागल्या होत्या. पारोळ्याकडून सुकदेव इथे आला त्याला पाच वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं त्याने एका खोलीत सहा बाप्यांबरोबर काढली, पाळीपाळीने स्वयंपाक केला आणि पाळीपाळीने घरच्या आठवणीने तोंड फिरवून झोपला. गेल्या वर्षी चाळीत स्वतःची खोली मिळाली तेव्हा कुठे बायको सरिता आणि सात वर्षांची सोनी इकडे आली. सोनी आली त्या दिवशी त्याने पेढे वाटले होते. लोक मुलगा झाला की वाटतात, याने मुलगी बसमधून उतरली म्हणून वाटले.

आणि आता हीच सोनी परत जायची वेळ आली होती. गेल्या दोन महिन्यांपासून तिचं डोकं दुखत होतं. शाळा साडेबाराला सुटायची, पोरगी कपाळ धरून घरी यायची. बरं, तक्रारसुद्धा एका भाषेत नाही. आईला सांगायची, "डोकं दुखतंय." शेजारच्या सरुबाईला सांगायची, "आजी, डोकं दुखस." आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मुकेशभाईंना, "काका, माथुं दुखे छे." तीन भाषांत तक्रार केली की औषधही तीन ठिकाणांहून येतं, हे पुढे कळायचं होतं.

सरिताच्या आईने गावाहून पोस्टकार्ड टाकलं: पोरीला तिथली हवा मानवत नाही, कारखान्यांचा धूर बाधला, वाल्मिकला पाठवते, सोनीला घेऊन येईल, ती इथेच शिकेल. वाल्मिक म्हणजे सरिताचा भाऊ. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येणार होता. सरिता कार्ड वाचून रडली आणि मग म्हणाली, "पोरगी तिथं बरी राहत असंल तर राहू दे." सुकदेवने मान हलवली. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं, नुसता जीव तुटत होता. जीव तुटणं हे काही सासूला कळवण्यासारखं कारण नाही.

घरची व्यवस्था अशी होती. सरिता प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीत पॅकिंगला. सकाळी सहा वाजता घर सोडायची, चारला परत. सुकदेवला त्या महिन्यात सलग रातपाळी, कारण त्याचा जोडीदार चिंधा बहिणीच्या लग्नाला गेला होता आणि लग्न उरकून आठवडा झाला तरी हळद उतरली नव्हती. सुकदेव सकाळी साडेसातनंतर घरी यायचा, तोवर सोनी शाळेत गेलेली. तिचं आवरायचं काम पहाटेच सरिता करून जायची: अंघोळ, डबा, आणि दोन वेण्या. शाळेत सोडायची सरुबाई. सरुबाई साक्रीकडची, मुलगा खडोलीला कामाला, सून त्याच्याबरोबर. म्हातारी इथे एकटी आणि चाळीतल्या नऊ पोरांची आजी.

त्या वेण्यांचं चाळीत फार कौतुक होतं. सरिताच्या माहेरी मुलींच्या वेणीत आगवळ गुंफायची रीत. काळ्या दोऱ्यांचा जुडगा केसांबरोबर मुळापासून विणत न्यायचा, शेवटी गोंडा सोडायचा. वेणी दिवसभर जागची हलत नाही. सुकदेवच्या कारखान्यात दिवाळीच्या सुमाराला लाल सूत चाललं होतं. त्यातली तुटकी टोकं भास्करसाहेबांना विचारून, गेटवर दाखवून त्याने घरी आणली आणि सरिताने त्याची आगवळ केली. काय ते तेज, काय ते गोंडे! दोन वेण्या वर दुमडून कानामागे घट्ट बांधल्या की सोनी अगदी जत्रेतल्या घोड्यासारखी सजलेली दिसे. सरिता दहा तास बाहेर. मधे वेणी सुटली तर घालणार कोण? म्हणून ती दात-ओठ खाऊन आवळायची. "कशी बसली बघा," असं म्हणायची, आणि वेणी खरंच संध्याकाळपर्यंत तशीच बसलेली असायची.

तर तो शुक्रवार. साडेबाराला सोनी आली ती भिंतीला डोकं टेकून बसली. सुकदेव झोपेतून उठला. रात्रभर यंत्रांच्या आवाजात राहून कामगारांची डोकी ठणकतात, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असायचंच. त्याने आपल्यातली एक गोळी काढली, नखाने अर्धी केली, गुळाच्या खड्यात दाबली. "घे, खाऊ आहे. आईला सांगू नको हां, ती रागवेल." सोनीने खाल्ला. तो पुन्हा झोपला.

दोन वाजता सरुबाईने पोरीला आपल्याकडे बोलावलं. पोर पार कोमेजलेली. मुकेशभाईंकडून आणलेली ताप-डोक्याची गोळी घरात होतीच. ती अख्खी कुटून गुळात कालवली. "ले माय, खाऊ से. तुन्हा बापले सांगू नको, त्याले वाटी म्हातारी मधे मधे करस." सोनीने तोही खाऊ खाल्ला.

सव्वाचारला सरिता आली. येता येता तिने डोकेदुखीचं पातळ औषध आणलं होतं, लहान मुलांचं, गुलाबी. सोबतचं मापाचं टोपण पिशवीतच राहिलं. तिने आमटीचा चमचा काढला, भरून दिला आणि वर पुन्हा गुळाचा खडा. सांगू नको वगैरे ती काही म्हणाली नाही. सरिता छपवाछपवी करणारी नव्हे. पण तिने कोणाला विचारलंही नाही.

साडेपाचला सोनीला उलटी झाली. मग दुसरी. पोट धरून ती गळून निजली, डोळे उघडेना. सरिताने हाका मारून चाळ गोळा केली. सरुबाई म्हणाली, "पोरले नजर लागनी," आणि मीठ-मोहऱ्या शोधायला धावली. सुकदेवने मात्र पोरीला खांद्यावर टाकलं आणि समोरच्या रिक्षात बसला. मागून सरिता, आणि हातात मोहऱ्या तशाच घेऊन सरुबाई. दमणगंगेच्या पुलावर रिक्षा आली तेव्हा सुकदेवने आयुष्यात पहिल्यांदा नवस बोलायला तोंड उघडलं, आणि कुठल्या देवाला काय कबूल करावं हेच त्याला सुचेना.

सिल्वासात डॉक्टर सुजाताबाईंचा दवाखाना होता. बाई मूळच्या नाशिकच्या, नवरा शशिकांत कारखान्यांपैकीच एकात इंजिनिअर. त्यांनी सोनीला टेबलावर घेतलं, नाडी पाहिली, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून पाहिली. मग विचारलं, "औषध काय दिलंत?"

"एकच चमचा," सरिता म्हणाली. "पातळ. पोरांचंच."

"कितीदा?"

"एकदाच, मॅडम."

सुकदेव घसा खाकरून म्हणाला, "मी पण... दुपारी. अर्धी गोळी. एकदाच."

सरिताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला लागला. तेवढ्यात कोपऱ्यातून सरुबाईचा आवाज आला, "माय वो! मी बी एकच गोयी दिधी. एकदाच!"

डॉक्टरीणबाईंनी तीन बोटं वर केली. "तिघांनी एकदाच. मुलीने किती वेळा?"

टेबलावरून बारीक आवाज आला, "तीनदा खाऊ खाल्ला. सांगू नको म्हणाले म्हणून नाही सांगितलं."

बाईंनी पाकिटं मागितली. सुकदेवच्या खिशात त्याचं होतं, सरिताच्या पिशवीत बाटली. सरुबाईच्या गोळीचा कागद आणायला रिक्षावाल्यालाच परत पिटाळलं. तो येईपर्यंतचा वेळ सुकदेवच्या हिशेबी एक अख्खी रातपाळी होती. कागद आला, बाईंनी वाचला, काट्यावर सोनीला उभं केलं, कागदावर काहीतरी मांडलं आणि मग कुठे त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. "वाचलात. जास्त गेलंय, पोटाला लागलंय, पण पल्ल्याबाहेर गेलेलं नाही. तीन तास माझ्या डोळ्यांसमोर ठेवते."

मग त्यांनी तिघांना बाकावर ओळीने बसवलं. बाईंचा आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्तच लागत होता.

"सुकदेव, तुमचं वजन?"

"बासष्ट."

"पोरीचं अठरा. तुमची गोळी नखाने मोडून तिची होत नाही. आणि यात अ‍ॅस्पिरिन आहे. ते लहान मुलांना आपल्या मनाने कधीच द्यायचं नाही. तापात, कांजण्यांत दिलं तर कधी कधी जिवावर बेततं. आजी, तुमच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि सरिताच्या बाटलीतही तेच. पाकीट वेगळं, नाव वेगळं, आत माल एकच. तुम्हाला वाटलं दोन औषधं. पोटात गेलं एकच, दुप्पट. त्यात आमटीचा चमचा! बाटलीबरोबर टोपण कशाला देतात?"

सरिता खाली पाहत होती. "आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? औषधाला खाऊ म्हणालात. उद्या ही पोर डबा उघडून स्वतः खाऊ खाईल, तेव्हा कुणाला विचाराल?"

सरुबाईच्या मुठीतल्या मोहऱ्या एकेक करून फरशीवर गळत होत्या. "बाई, माया करी तरी गुन्हा," ती पुटपुटली.

"माया तिघांची आहे, आजी. फक्त एकमेकांना सांगून करा." बाई जरा मऊ झाल्या. "तुमच्या कारखान्यात पाळी बदलताना पुढच्याला काहीच सांगत नाही का हो, सुकदेव? कुठलं यंत्र चालू, काय उतरवलं, किती वाजता?"

सुकदेवच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सांगतो म्हणजे काय! त्याच्याइतकं चोख सांगणारा अख्ख्या नरोलीत नव्हता. हजारो बॉबिनांना त्याने चिठ्ठी बांधली होती आणि एकुलत्या एका पोरीला बांधली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून पायरीवर जाऊन बसला आणि चक्क रडला.

साडेआठच्या सुमाराला आतून आवाज आला, "पप्पा, मला पापडी पाहिजे." सुकदेव आत आला तो डोळे पुसत आणि हसत. बाईंनी पापडी नाकारली आणि पेज मंजूर केली.

निघताना त्यांनी नीट समजावलं. डोकं दुखलं की आधी पाणी, काहीतरी खायला, आणि अंधारात थोडं पडणं. त्याने भागलं नाही तरच औषध, तेही टोपणातल्या या रेघेपर्यंत. रेघ त्यांनी शाईने खूण करून दिली, सोनीच्या वजनाची. पुन्हा द्यायचं तर मधे सहा तास. आठवड्यात दोन दिवसांच्या वर गरज लागली तर औषध नाही, सरळ दवाखाना. "रोज रोज डोकेदुखीचं औषध घेतलं की औषधानेच डोकं दुखायला लागतं. आणि उलटी, ताप, मान आखडणं, नीट न दिसणं, यातलं काही झालं तर वाट पाहू नका. डोळे मी तपासले, ठीक आहेत. तरी दुखणं कशाने येतं ते शोधायला हवं. कधी दुखतं, काय खाल्लं, किती झोपली, लिहून आणा." मग सोनीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "गोंडे मात्र फार सुंदर हं!"

दुसऱ्या दिवशी सुकदेवने कारखान्यातून चार कोऱ्या चिठ्ठ्या मागून आणल्या. एक गुलाबी बाटलीच्या मानेला बांधली आणि बाटली सोनीचा हात पोचणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवली. चिठ्ठीवर यंत्राच्या नंबराच्या जागी लिहिलं 'सोनी'. पाळीच्या रकान्यात दुखायला लागल्याची वेळ, मग काय खाल्लं, औषध किती, आणि देणाऱ्याचं नाव. आपल्या खिशातलं पाकीट त्याने खुंटीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकून कुलूप लावलं. सरुबाईला लिहिता येत नव्हतं. तिच्यासाठी ठरलं की तिने बोटाचा काजळाचा ठसा उठवायचा. म्हातारीने त्याच दिवशी तीन ठसे उठवले, एकाही औषधाविना. "हात बसाले पाहिजे ना," ती म्हणाली.

वाल्मिक यायला पंधरा दिवस होते. आणि चिठ्ठी भरत गेली. रविवार: काही नाही. सोमवार: एक वाजता दुखलं, पाणी, भाकरी, पडून राहिली, मग रेघेपर्यंत औषध, सुकदेव. मंगळवार: तसंच, सुकदेव. बुधवार: काही नाही. गुरुवारी सोनी पुन्हा कपाळ धरून आली.

आठवड्यातला तिसरा दिवस. म्हणजे औषध नाही. सुकदेवने पाणी दिलं, खायला घातलं, दाराला चादर लावून अंधार केला. सरिता चारला आली की दवाखान्यात जायचं. सोनी कूस बदलत कण्हत होती आणि फळीवर औषध असून तो देऊ शकत नव्हता. ते दोन तास फार जड गेले. त्याच्या मनात एकच: डॉक्टर म्हणणार हवा, सासू म्हणणार हवा, आणि आपली पोरगी पारोळ्याच्या बसमध्ये बसणार.

हाताला काही काम हवं म्हणून त्याने बाटलीची चिठ्ठी सोडवून मांडीवर घेतली. कारखान्यात एखादं सूत सारखं तुटायला लागलं की भास्करसाहेब चिठ्ठ्या मांडायला लावत. तुटलं कधी ते सगळे बघतात. तू न तुटलेलं कधी ते बघ, असं त्यांचं सांगणं. सुकदेवने न दुखलेले दिवस पाहिले. रविवार. बुधवार. रविवारी शाळा नाही, म्हणजे शाळेमुळे? पण बुधवारी शाळा होती. रविवारी आई घरी, बुधवारी आई...

"सोनी, बुधवारी काय झालं होतं गं?"

"काही नाही," सोनी डोळे मिटून म्हणाली. "आई अंधारातच गेली. गाडी भरायची होती. सरुआजीने वेणी घातली. मला सगळे हसले."

"का?"

"आजीला आगवळ येत नाही. चिंधी बांधली. मधल्या सुट्टीत सुटली पण."

सुकदेव उठून तिच्याजवळ बसला. रविवारी न्हाणं असतं, केस मोकळे. त्याने हळूच कानामागच्या वेणीखाली बोट घातलं. बोट शिरेना. लाल सूत मुळापासून ताणलेलं, कानशिलाची कातडीसुद्धा ओढली गेलेली. त्याने एक धागा चिमटीत ओढला, तो लांबला. सोडला, तो टचकन आखडला. हे सूत आखडतं, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ते आखडावं म्हणून तर तो रात्र रात्र यंत्रापाशी उभा असायचा! साधा दोरा दुपारपर्यंत सैल पडतो. हे सूत सैल पडणाऱ्यातलं नव्हे; पहाटे ताणून बांधलं की दिवसभर पोरीचे केस खेचत राहायचं.

त्याने गाठी सोडल्या. दोन गाठी तर दाताने सोडाव्या लागल्या. केस मोकळे झाले तसा सोनीने लांब श्वास सोडला. "पप्पा, अजून खाजव ना तिथं." तो खाजवत बसला. पावणेचार वाजता ती उठून बाहेर लंगडी खेळत होती.

सरिता आली. त्याने लाल आगवळ तिच्या हातात दिली, ताणून दाखवली, सोडून दाखवली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे मीच?" ती म्हणाली. "पहाटे पहाटे उठून मीच तिचं डोकं आवळत होते?"

"वेणी तुझी, सूत माझं," सुकदेव म्हणाला. "आणि गोंडे छान म्हणणारी अख्खी चाळ. डॉक्टरीणबाईसुद्धा." सरिताला रडता रडता हसू आलं, आणि ते हसू आलं म्हणून ती आणखी रडली.

बाईंना दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी हिला शाबासकी दिली!" मग म्हणाल्या, "असं होतं खरं, घट्ट वेणीने डोकं दुखतं. पण खात्री चिठ्ठी देईल. आगवळ बंद, वेणी सैल. आठ-नऊ दिवस कोरे आले तर समजू. दुखलं तर लपवू नका, तडक इकडे."

ते दिवस सुकदेवने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रोज साडेबाराला तो दारात उभा, सोनी वळणावर दिसली की आधी तिचे हात पाहायचा, कपाळावर आहेत की मोकळे. मोकळे! चिठ्ठीवर एक कोरी रेघ. पुन्हा मोकळे, पुन्हा कोरी. सैल वेण्या मात्र शाळेत पोचेपर्यंत सुटायला लागल्या आणि पोरगी केस पिंजारून घरी यायची. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, मुलीचे केस विंचरत चला. तेव्हा सुकदेवने भास्करसाहेबांना गाठलं. सगळी हकीकत ऐकून साहेब म्हणाले, "चिठ्ठीमहाराज, सहालाच निघत जा. तासभर तुझं यंत्र मी बघतो." तुटलेलं सूत डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारा हा माणूस तीन पदरांच्या वेणीपुढे पहिल्या दिवशी पार घामाघूम झाला. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. सोनी तशीच गेली आणि वर्गात सांगून आली, "माझ्या पप्पांनी घातली!"

एक बुधवार तेवढा कठीण गेला. सोनी डोकं धरून, रडत आली. विचारल्यावर कळलं की लपंडावात चाळीतल्या संजूच्या डोक्यावर डोकं आपटलं. संजूही मागे रडत उभा होता. सुकदेवने पाणी पाजलं, ओलं फडकं ठेवलं, संध्याकाळपर्यंत नजर ठेवली आणि चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलं: टेंगूळ. औषध नाही. कारण संजू.

रविवार उजाडला. वाल्मिक दुपारी आला तो घामाने भिजलेला, हातात सोनीच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी पत्र्याची पेटी. "दाजी," त्याने बसता बसता विचारलं, "पोरीची तयारी झाली?"

सुकदेवने फळीवरची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. वाल्मिकने चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली, पुन्हा सुलटी केली. "हे कोरं कोरं काय?"

"ते दुखलं नाही त्याचे दिवस," सुकदेव म्हणाला. "दहा आहेत. मोजून घे. माझी पोरगी बरी आहे, वाल्मिक. ती माझ्याजवळ राहील."

वाल्मिकने मोजले. मग पेटी पायाने बाजूला सारली आणि कपाळ चोळत म्हणाला, "राहू द्या दाजी, चांगलंच झालं. बसने माझंच डोकं उठलंय. एखादी गोळी असंल तर द्या."

सरुबाईचा हात सवयीने पदराच्या गाठीकडे गेला. सुकदेव कुलपाच्या डब्याकडे वळला. सरिता म्हणाली, "थांब, मी देते." तेवढ्यात तिघांच्या मधे सोनी येऊन उभी राहिली, एक वेणी कानावर, एक मानेवर.

"मामा, आधी पाणी पी," ती म्हणाली. "मग भाकरी खा. सकाळपासून गोळी कुणी दिली का ते खरं सांग. आणि वजन किती तुझं?"

वाल्मिक पाणी प्यायला, भाकरी खाऊन मागे कलंडला आणि गोळीवाचून चार वाजेपर्यंत घोरत पडला. सोनीने कोरी चिठ्ठी मागून घेतली, त्याच्या शर्टाच्या बटणाला बांधली आणि मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: मामा. औषध नाही. देणारी, सोनी.

सुकदेवने ती वाचली, 'देणारी' खोडून 'न देणारी' केलं, आणि सोनीला उचलून इतक्या जोरात हवेत फेकलं की दोन्ही वेण्या एकदम सुटल्या.